लिंबगंधी नीलगिरीची रोपं आणि तेल: काय घ्यावं, काय परत करावं

निकाल आधीच सांगून टाकतो. लिंबगंधी नीलगिरीची चांगल्या बियाण्याची रोपं आणि ताज्या पाल्याचं तेल, दोन्ही पैसे मोजून घेण्यासारखी आहेत. तक्रार मालाबद्दल नाही, तो ज्या कामासाठी खपवला जातो त्याबद्दल आहे. सर्दीला वाफ घ्यायला म्हणून हे तेल विकतात, त्याला ते नाही. डास पळवायला म्हणून कच्चं तेल विकतात, त्याला ते अर्धवट आहे. आणि लाकडाच्या नीलगिरीचे गुण सांगून याची रोपं विकतात, तेव्हा घेणाऱ्याचा हिशेब पहिल्याच वर्षी चुकतो.

लेबलवर शास्त्रीय नाव नसेल तर बाटली किंवा रोप घेऊच नका. या झाडाचं आजचं नाव कोरिंबिया सिट्रिओडोरा. १९९५ साली हिल आणि जॉन्सन या ऑस्ट्रेलियन वनस्पतिशास्त्रज्ञांनी कोरिंबिया हा गट युकॅलिप्टसपासून वेगळा काढला. त्याआधी ते युकॅलिप्टस सिट्रिओडोरा होतं आणि तेलाच्या व्यापारात अजूनही तेच नाव चालतं, त्यामुळे दोन्हीपैकी कुठलंही असलं तरी हरकत नाही. नुसतं ‘नीलगिरी तेल’ किंवा ‘युकॅलिप्टस ऑइल’ लिहिलेलं असेल तर आत ग्लोब्युलस या दुसऱ्या जातीच्या नीलगिरीचं तेल असण्याची शक्यता जास्त, आणि ती वस्तू सर्वस्वी वेगळी आहे. ग्लोब्युलसच्या तेलात मुख्य घटक सिनिओल, औषधी प्रतीत तो किमान ७० टक्के लागतो. आपल्या झाडाच्या तेलात सिनिओल नावापुरतं असतं. इथे राज्य सिट्रोनेलालचं, चांगल्या मालात ७० ते ८५ टक्के. छातीत मोकळं वाटतं ते सिनिओलमुळे, लिंबासारखा वास येतो तो सिट्रोनेलालमुळे. एकाची जागा दुसरं घेत नाही.

रोपांपासून सुरुवात करू, कारण तिथली चूक नंतर कशानेच भरून निघत नाही.

हे झाड मूळ ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड भागातलं. तिथल्याच जंगलात काही झाडं अशी आहेत की ज्यांच्या पानात सिट्रोनेलाल फारच थोडं असतं. दिसायला झाड तेच, खोड तेच, पण पाला भट्टीत घातला तर तेल भलतंच. म्हणून बियाणं कुठल्या झाडांवरून आलं, त्या झाडांच्या पानांचं तेल काढून तपासलं होतं का, हा रोपवाटिकेला विचारायचा पहिला प्रश्न. ‘आमचं बी निवडक आहे’ हे उत्तर पुरेसं नाही. मातृवृक्षांच्या तेलाचा तपासणी अहवाल दाखवता येत असेल तर बोलणं पुढे न्यावं.

रोपाची ओळख पटवायला पान हातात घ्या. लहान रोपाचं पान मोठ्या झाडाच्या पानासारखं लांब, गुळगुळीत नसतं. ते रुंद आणि खरखरीत असतं, त्यावर ताठ केस असतात आणि देठ पात्याच्या कडेला न जुळता कमळाच्या पानासारखा पात्याच्या आत, खालच्या अंगाला चिकटलेला असतो. हे पाहून पुष्कळ जण रोप चुकीचं आलं म्हणून परत करतात. परत करू नका, तेच बरोबर आहे. पान चुरगाळलं की वास झणझणीत लिंबाचा यायला हवा. केसाळ पान आहे पण लिंबाचा वास नाही, असं असेल तर ते टोरेलिआना ही याच गटातली दुसरी जात किंवा तिचा संकर असू शकतो. एका ट्रेमधल्या वीस-पंचवीस रोपांचं एकेक पान चुरगाळून पाहा. दोन-तीन रोपं बिनवासाची निघाली तर बी मिसळलेलं आहे असं समजायचं. वासावरून तेल किती निघेल ते कळत नाही, पण ज्यात नाहीच ते लगेच कळतं.

‘क्लोन’ म्हणून, म्हणजे एकाच झाडापासून बी न वापरता केलेली हुबेहूब रोपं म्हणून, माल देऊ करणाऱ्यांबाबत सावध राहा. टेरेटिकॉर्निस, कॅमाल्डुलेन्सिस या दुसऱ्या नीलगिरी आणि त्यांचे संकर यांच्या कलमकांड्या सहज मुळावतात, म्हणून त्यांचे क्लोन बाजारात मुबलक मिळतात. लिंबगंधीच्या कांड्या मुळं धरायला फार कुरकुरतात, वय झालेल्या झाडाच्या तर जवळजवळ नाहीच. ऊतिसंवर्धनाने, म्हणजे प्रयोगशाळेत झाडाच्या बारीक तुकड्यापासून रोप वाढवून, हे साधतं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी मोठ्या झाडापासून अशी रोपं तयार केल्याचं काम १९८१ साली प्रसिद्ध झालं आहे. पण स्वस्तात, हजारांच्या संख्येत, कांड्यांपासून केलेले लिंबगंधीचे क्लोन कोणी देऊ करत असेल, तर बहुधा ते दुसऱ्याच जातीचे क्लोन असतात किंवा साधी बियाण्याची रोपं असतात. बियाण्याची रोपं वाईट नाहीत. त्यांना क्लोनचा भाव देणं वाईट आहे.

रोप किती मोठं असावं? २५ ते ३० सेंटीमीटर उंच, वय तीन-चार महिने, बुंध्याजवळ जाडी ३ ते ४ मिलीमीटर, आणि खालचा भाग हिरव्याचा तांबूस-तपकिरी झालेला. तो रंग आला म्हणजे रोप उन्हात ठेवून, पाणी तोडून कणखर केलं आहे. दोन-अडीच फुटी, लुसलुशीत, गडद हिरवं रोप बघायला छान दिसतं. तेच शेतात पहिल्या आठवड्यात मान टाकतं, कारण वरचा पसारा पोसायला खाली मुळंच नसतात.

मुळं बघितल्याशिवाय माल उचलू नका. रूट ट्रेनरमधून, म्हणजे रोपं वाढवायच्या खाचदार प्लास्टिकच्या कप्प्यातून, एक रोप हलकेच बाहेर काढा. कोकोपीटचा गड्डा न फुटता निघाला, त्यावर पांढऱ्या टोकाची मुळं सरळ खाली गेलेली दिसली, तर माल उत्तम. पिशवीतल्या रोपाची मुळं तळाशी गोल फिरलेली असतील तर सगळी खेप नाकारा. गुंडाळलेलं मूळ जमिनीत गेल्यावर आपोआप सरळ होत नाही. ते जाड होत स्वतःलाच आवळत जातं आणि दोन-तीन वर्षांनी, झाड चांगलं मोठं झाल्यावर, वादळात मुळासकट आडवं होतं. दोष मग वाऱ्याला दिला जातो. पिशवीचीच रोपं घ्यावी लागली तर लावताना तळाचा इंचभर भाग धारदार चाकूने कापून टाकायचा.

स्वतः रोपं करायची असतील तर बाकी नीलगिरींच्या मानाने काम सोपं आहे, कारण याचं बी मोठं असतं, हाताने टोकता येतं. त्याला कसलीही प्रक्रिया लागत नाही, उबदार हवेत एक ते दोन आठवड्यांत उगवतं. बियाच्या जाडीपेक्षा जास्त माती वर टाकायची नाही. घात होतो तो कोलमडीने: रोपं जमिनीलगत काळी, बारीक पडून आडवी होतात. दाट पेरणी, सतत ओला वाफा आणि कोंदट सावली ही तिन्ही कारणं एकत्र आली की एका रात्रीत ट्रे रिकामा होतो. पाणी सकाळी द्यावं, संध्याकाळी पृष्ठभाग सुकलेला दिसला पाहिजे.

लागवड पावसाच्या तोंडाशी, जमीन खोलवर भिजल्यावर. खड्डा ३० ते ४५ सेंटीमीटर, लांबी-रुंदी-खोली सारखीच. निचरा होणारी मुरमाड, हलकी जमीन याला चालते. पाणी साचणारी चिकण जमीन चालत नाही. चुनखडीच्या जमिनीत कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. हा लोहाचा तुटवडा आहे, युरिया टाकून तो जात नाही. शेंडा मरतोय, खालून झाडूसारखे फुटवे येतायत असं दिसलं तर बहुतेक वेळा बोरॉन कमी पडलेलं असतं. झाडामागे १० ते २० ग्रॅम बोरॅक्स बुंध्यापासून लांब, गोलाकार पसरून द्यावा. त्याहून जास्त नाही, कारण बोरॉनचा उपयोग आणि विषबाधा यांत अंतर थोडं असतं. कडाक्याचं धुकं-दंव पडणाऱ्या भागात पहिल्या हिवाळ्यात कोवळी झाडं करपतात, तिथे ही जात निवडूच नये.

पहिल्या वर्षीचं खरं काम म्हणजे गवत काढणं. खत कमी पडलं तरी झाड तगतं, पण बुंध्याभोवती गवत माजलं तर वाढ थांबते आणि पुढेही ते झाड बाकीच्यांना गाठत नाही. झाडाभोवती एक मीटरचं आळं स्वच्छ ठेवा. तणनाशक मारायचं तर हवेचा झोत रोपाकडे नको, ग्लायफोसेटचे दोन थेंबही कोवळ्या पानांना पुरतात. वाळवी पाण्याचा ताण बसलेल्या रोपांना आधी धरते, बुंध्याची साल जमिनीलगत गोल खाते आणि वरचं झाड उभ्या उभ्या वाळतं. आच्छादन घालायला हरकत नाही, ते खोडाला टेकवू मात्र नका.

अंतर हेतूवर ठरतं. पाल्यासाठी दीड ते दोन मीटरवर दाट लावतात. लाकडासाठी ३ बाय २ किंवा ३ बाय ३ मीटर. दोन्ही एकाच रानातून साधायचा मोह होतो. ते साधत नाही. पाला काढत राहिलं तर खोड भरत नाही, खोड भरू दिलं तर पाला वीस मीटर उंचीवर जातो आणि तो काढायची मजुरी तेलाच्या किमतीला खाऊन टाकते. कोणतं हवंय ते आधी ठरवा. शेजारच्या पिकापासून आठ-दहा मीटर लांब लावा. मुळं पाणी ओढतात आणि सावलीतलं पीक बसतं, याबद्दल शेतकरी बोलतात त्यात तथ्य आहे.

पाल्याची पहिली काढणी दीड वर्षाच्या आसपास. जमिनीपासून सुमारे एक मीटरवर झाड छाटायचं, काप तिरपा, एका घावात. खोड चिरलं तर तिथे पाणी शिरून कुजतं. बुंध्याशी आणि मुळाशी असलेल्या गाठीत सुप्त डोळे असतात, त्यामुळे फुटवा जोमदार येतो. मग वर्षातून एक किंवा दोन छाटण्या. दोनापेक्षा जास्त केल्यास पाला कोवळा, पाणीदार मिळतो आणि झाड दमतं. नव्या शेंड्यांवर पांढरी भुकटी आणि वळलेली पानं दिसली तर क्वॅम्बलेरिया बुरशीचा संशय घ्यावा, ऑस्ट्रेलियात या गटातल्या झाडांचा हा मोठा रोग आहे. तेवढे शेंडे कापून जाळावेत.

आता भट्टी. ताज्या १०० किलो पाल्यातून साधारण १ किलो तेल धरून चालावं, उत्तम मालाला दीड, पावसाळी पाल्याला अर्धा-पाऊण. कोणी तीन-चार किलोचं गणित मांडत असेल तर ते कागदावरच राहील. जाड फांद्या भट्टीत घालू नका, त्यांत तेल नसतं, नुसती जागा अडते आणि वाफ लागते. पाला कापल्यावर सावलीत पसरून एक दिवस सुकवला की पाणी कमी होतं, भट्टीत जास्त मावतो. ढीग करून ठेवला तर आतून तापतो आणि तेल जातं.

ऊर्ध्वपातनात बिघडतं ते नेमक्या ठिकाणी. पाला सैल भरला तर वाफ एकाच वाटेने वर निघून जाते आणि कडेचा पाला जसाच्या तसा बाहेर येतो. थर देत, पायाने दाबत भरा. पाल्याचा खालचा थर उकळत्या पाण्यात बुडत असेल तर तेलाला करपट वास येतो, जाळी पाण्याच्या पातळीहून बरीच वर हवी. कंडेन्सरमधून येणारं तेल-पाणी हाताला कोमट लागलं पाहिजे. गरम येत असेल तर तेल डोळ्यांदेखत हवेत जातंय. दोन ते तीन तासांत बहुतेक तेल उतरतं. त्यापुढे आग चालू ठेवून मिळतं थोडं, आणि सिट्रोनेलाल लांबलेल्या उष्णतेत, विशेषतः आम्लाचा अंश असेल तिथे, आयसोपुलेगॉल या दुसऱ्याच द्रव्यात बदलत जातं. लोखंडी भांड्यातलं तेल तांबूस येतं. स्टेनलेस स्टीलच घ्या. वेगळं केलेलं तेल निर्जल सोडियम सल्फेट या पाणी शोषणाऱ्या क्षारावर ठेवून, गाळून मगच भरायचं. तळाशी पाण्याचा थेंब राहिलेली बाटली काही महिन्यांत गढूळ होते. उरलेला चोथा वाळवून त्याच भट्टीला जळण म्हणून वापरता येतो. कच्चा पाला मात्र बियांच्या वाफ्यावर आच्छादन म्हणून टाकू नका, त्यातली द्रव्यं उगवण दाबतात.

तेल विकत घेणाऱ्यासाठी तपासणी. पहिली वजनाची: १०० मिली तेल भरा आणि अचूक काट्यावर तोला. लिंबगंधीचं ८६ ते ८८ ग्रॅम भरतं. सिनिओलचं नीलगिरी तेल ९१-९२ ग्रॅम. पण टर्पेंटाइनही ८६-८७ भरतं, म्हणून एवढ्यावर थांबू नका. दुसरी अल्कोहोलची: अरुंद काचनळीत १ मिली तेल, त्यात ७० टक्के इथाइल अल्कोहोल २ मिली. चांगलं तेल त्यात विरघळून द्रव पारदर्शक होतो. दुधाळ राहिला आणि आणखी थोडं अल्कोहोल घालूनही निवळला नाही, तर टर्पेंटाइन, रॉकेल किंवा खाद्यतेल मिसळलेलं आहे. या तपासणीला हँड सॅनिटायझर चालत नाही, त्यात ग्लिसरीन आणि इतर पदार्थ असतात. तिसरी अगदी साधी: पांढऱ्या कागदावर थेंब टाकून रात्रभर ठेवा. तेलकट डाग राहिला तर खाद्यतेलाची भेसळ.

या तिन्ही चाळण्यांतून निसटते ती सिट्रोनेला गवताच्या तेलाची भेसळ, कारण त्यातही सिट्रोनेलाल असतं. ती पकडायला गॅस क्रोमॅटोग्राफीचा, म्हणजे तेलातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या प्रयोगशाळेतल्या तपासणीचा, अहवाल लागतो. त्यात जिरेनिऑल हा घटक शोधा. सिट्रोनेलाच्या जावा प्रकारच्या तेलात ते २० टक्क्यांच्या आसपास असतं, लिंबगंधीच्या तेलात जवळजवळ नाही. अहवालावरचा बॅच क्रमांक आणि बाटलीवरचा क्रमांक एकच आहे ना, हेही बघा. एकच जुना अहवाल वर्षानुवर्षं प्रत्येक खेपेबरोबर चिकटवलेला असतो. आणि भाव विचारताना किलोचा की लिटरचा ते स्पष्ट करून घ्या, एक लिटर म्हणजे जेमतेम ८७० ग्रॅम.

साठवण गडद काचेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या बाटलीत, गळ्यापर्यंत भरून, थंड जागी. अर्धी रिकामी बाटली म्हणजे आत हवा, आणि सिट्रोनेलाल हवेने ऑक्सिडीकृत होतं: वासातला ताजेपणा जातो, आंबूस झाक येते, त्वचेला खाज सुटण्याची शक्यता वाढते. रबरी फुग्याच्या ड्रॉपरसह मिळणारी बाटली टाळा, रबर फुगून तेलात उतरतं. पॉलिस्टायरीनचा कप तर पाहता पाहता विरघळतो.

डासांबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण सर्वाधिक फसगत इथे होते. अमेरिकेची सीडीसी ही आरोग्यसंस्था ज्या ‘लेमन युकॅलिप्टस’च्या तेलाची शिफारस करते ते भट्टीतून आलेलं कच्चं तेल नव्हे. कच्च्या तेलातल्या सिट्रोनेलालवर सौम्य आम्लाची प्रक्रिया करून पीएमडी नावाचं संयुग तयार करतात, आणि त्या प्रक्रिया केलेल्या मालात ते सुमारे ६५ टक्के असतं. पीएमडी सावकाश उडतं म्हणून त्वचेवर तासन् तास टिकतं. सिट्रोनेलाल भराभर उडतं, म्हणून कच्चं तेल लावल्यावर थोडा वेळ वास दरवळतो आणि तासाभरात डास परत येतात. मलेरिया-डेंग्यूच्या भागात कच्च्या तेलावर भिस्त ठेवणं धोक्याचं आहे. घ्यायचंच तर लेबलवर पीएमडीचं प्रमाण लिहिलेलं उत्पादन घ्या. तीन वर्षांखालच्या मुलांना तेही लावू नये अशी सूचना आहे, आणि ती पाळावी.

मग कच्चं तेल कशासाठी? साबण, फरशीचा द्रव, कपाटातला सुगंध, सिट्रोनेलाल वेगळं काढून पुढची सुगंधी रसायनं, यासाठी ते पहिल्या प्रतीचं आहे. फरशीला वापरायचं तर तेल थेट पाण्यात टाकू नका, ते वर तरंगतं आणि एका जागी डाग पाडतं. ५ मिली तेल आधी १५ ते २० मिली द्रवसाबणात घोटा, मग ५ लिटर पाण्यात मिसळा. त्वचेवर कधीही निव्वळ लावू नये: १०० मिली खोबरेल किंवा तिळाच्या तेलात १ मिली, तेही आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून, एक दिवस थांबून. पोटात घ्यायचं नाही, मुलांच्या हाती लागेल असं ठेवायचं नाही. कुठल्याही नीलगिरी तेलाचे काही मिलीलिटरसुद्धा लहान मुलाला गंभीर विषबाधा करू शकतात. मांजरं असतील त्या खोलीत डिफ्यूझर लावू नका.

लाकूड जड आणि चिवट आहे, कुऱ्हाडी-फावड्यांच्या दांड्यांना नावाजलेलं. कोळसाही चांगला पडतो. मात्र कापल्यावर टोकांना चिरा जातात, म्हणून ओंडक्याच्या टोकांना ताबडतोब मेण किंवा रंग फासावा आणि फळ्या सावलीत, पट्ट्या घालून, हळू सुकवाव्यात. बाहेरचं पांढरं लाकूड भुंगा पोखरतो, ते काढून टाका.

ज्याच्याजवळ दहा-पाच किलोमीटरच्या आत स्टीलची भट्टी आहे, तेलाचा ठरलेला गिऱ्हाईक आहे आणि पाण्याचा निचरा होणारी पडीक जमीन आहे, त्याने तपासलेल्या बियाण्याची रोपं जरूर घ्यावीत. भट्टी नसेल तर पाला विकायच्या भरवशावर लावू नका. पाला वजनाने भारी, भावाने हलका, आणि वाहतुकीत दर दिवसाला त्यातलं तेल कमी होत जातं. घरगुती वापराला ३० ते ५० मिलीची बाटली पुरे. मोठी स्वस्त पडते, पण संपेपर्यंत तिच्यातलं तेल आंबलेलं असतं.